माळकरी कासव

टबातलं पाणी बदलताना निवृत्तीचा अंगठा कासवाच्या पाठीत रुतला. फार नाही, पिकत आलेल्या पेरूत रुतावा इतकाच. त्याने हात झटकन काढून घेतला आणि आधी स्वतःचा अंगठा पाहिला, चूक त्याचीच असल्यासारखं. मग पुन्हा, या वेळी भीत भीत, पाठीच्या कडेला दाबून पाहिलं. कड लवली आणि सोडल्यावर सावकाश वर आली. कासवाने मान आत घेतली, तीही अर्धवट, कंटाळा केल्यासारखी. सकाळचं ऊन गॅलरीच्या बंद काचांतून आत आलं होतं, खाली घंटागाडीचं गाणं वाजत होतं, स्वयंपाकघरात विमल भाकरी थापत होती, आणि निवृत्ती उकिडवा बसून त्या पाठीकडे बघत राहिला. चांदवडकडच्या त्याच्या गावी देवळाच्या सभामंडपात दगडी कासव होतं. पिढ्यान्‌पिढ्या हात लागून त्याची पाठ गुळगुळीत झालेली. लहानपणी कीर्तन लांबलं की निवृत्ती त्याच्यावर बसायचा आणि वडील मानेला धरून उठवायचे, की अरे, त्याला हात लावून कपाळाला लावायचा असतो, त्याच्यावर बूड टेकायचं नसतं. कासव म्हटलं की ते. बसा, उठा, वरून गाव जाऊ द्या, त्याला काही होत नाही. आणि ते काही खातही नाही, हे त्याला आज पहिल्यांदाच सुचलं.

हे जिवंत कासव सायलीचं, म्हणजे नातीचं. सोमनाथने, निवृत्तीच्या मुलाने, बंगळुरूची नोकरी धरली तेव्हा नव्या घरमालकाला कासव चालेना. सायलीने निघताना टब आजोबांच्या नाशिकच्या सिडकोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत ठेवला, कासवाचं नाव बंटी आहे आणि त्याला नावानेच हाक मारायची असं बजावलं, खाण्याच्या गोळ्यांचा डबा निवृत्तीच्या हातात दिला आणि गाडीत बसून रडत गेली. डोळ्यांमागे तांबड्या रेघा असलेलं, तळहाताएवढं कासव. निवृत्तीने सातपूरच्या कंपनीत सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढलेली. हातात डबा आला की त्यावरचं सगळं वाचल्याशिवाय तो खाली ठेवायचा नाही. ही खोड रिटायर झाल्यावरही गेली नव्हती. त्याने चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली आणि पहिलाच शब्द ‘फिश मील’ निघाला. माशाचं पीठ. त्याने डबा दोन बोटांत धरला, विमलला दाखवला आणि म्हणाला, ‘‘हे बघ काय दिलंय पोरीने. तिला तरी काय माहीत.’’ विमल म्हणाली, ‘‘अहो, पण पाण्यातलं जित्राब ते...’’ आणि बोलणं तिथेच सोडून आत गेली. तिची ही सवयच. वाक्य अर्धं म्हणायचं आणि कामाला लागायचं. उरलेलं अर्धं कुणी मागत नाही हे तिला कधीचंच ठाऊक झालं असावं, पण निवृत्तीला हे तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा घंटागाडीत गेला.

मग निवृत्तीने कासवाला आपल्या घरासारखं केलं. दुधात कुस्करलेली चपाती, मऊ भात, काकडी, केळ्याची चकती, सणाला पुरणाचा कण. त्याने हे काही कंजूषपणे केलं नाही. तो स्वतः जेवायला बसण्याआधी गॅलरीत जायचा, ‘बंटीशेठ, या’ म्हणायचा आणि बोटाने घास पाण्यात सोडायचा. एकादशीला कासवालाही भात नसायचा. राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा असायचा. भजनी मंडळातल्या धोंडीरामला हे सांगितल्यावर तो इतका हसला की टाळ खाली ठेवावे लागले. ‘‘म्हणजे तुमचं कासव माळकरी निघालं म्हणायचं! गळ्यात माळ घालायला मान तेवढी बाहेर काढत नाही.’’ हा विनोद मंडळभर झाला. आल्यागेल्याला निवृत्ती कासव दाखवायचा आणि ‘आमचं माळकरी कासव’ अशी ओळख करून द्यायचा, आणि त्यात थट्टा होती तेवढाच अभिमानही होता. आपल्या घरी आलेला जीव आपल्यासारखा होतो, हे त्याला फार आवडलं होतं. कासव दिवसेंदिवस कमी हलायला लागलं तेव्हाही तो म्हणायचा, शांत झालाय, संगतीचा गुण.

आता पाठ लवत होती. निवृत्तीने विमलला हाक मारली. ती पिठाच्या हातानेच आली, वाकली, आणि हात न लावता नुसती बघून म्हणाली, ‘‘ह्याचं हाड गेलं.’’ एवढंच. मग हात धुऊन तिने डाळीचा रिकामा डबा काढला, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, तळाला ओलं फडकं घातलं आणि कासव त्यात ठेवलं. स्कूटरवर ती मागे डबा मांडीवर घेऊन बसली. गंगापूर रोडला जनावरांच्या दवाखान्यात कुत्री आणि मांजरं घेऊन माणसं बसली होती आणि त्यांच्यात डाळीचा डबा घेऊन बसायची निवृत्तीला लाज वाटत होती. विमलला वाटत नव्हती. ती झाकण जरा उचलून आत बघत होती आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल असं त्याला वाटलं. जवळ सरकल्यावर कळलं की ती ‘खाशील रं, खाशील’ असं म्हणत होती.

डॉक्टर अपूर्वा म्हणून तरुण मुलगी होती. तिने कासव हातात घेतलं, उलटं केलं, पोटाकडून दाबलं, जबडा पाहिला आणि विचारलं, ‘‘काका, याला खायला काय देता?’’ निवृत्ती उत्साहाने सांगू लागला. दूधचपाती, भात, केळं. बोलता बोलता तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरत गेला, आणि राजगिऱ्याच्या लाडवापाशी तो थांबला. ‘‘मासे? अंडं? कासवांच्या गोळ्या मिळतात त्या?’’

‘‘आम्ही माळकरी आहोत, मॅडम.’’

‘‘तुम्ही आहात हो काका,’’ ती म्हणाली, ‘‘हा नाहीये ना.’’

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं, निवृत्तीला उत्तर देता आलं असतं. पण ती कासवाच्या पाठीवरून बोट फिरवत समजावून सांगत होती, की ही पाठ म्हणजे त्याचं हाडच, बरगड्या आणि कणा मिळून झालेली, ती काही वरून घातलेली ढाल नाही. खाण्यात चुना नाही, मांस नाही, अंगाला खरं ऊन नाही, मग तो स्वतःच्याच हाडातलं काढून जगत राहतो. निवृत्तीने शेवटची आशा धरून विचारलं, ‘‘म्हणजे जिवंत मासे सोडायचे का टबात? ते तर आमच्याच्याने... डोळ्यांदेखत हत्या...’’ ती हो म्हणाली असती तर त्याला नाही म्हणता आलं असतं. जिवंत जीव मारणं हे पाप, यात कुणी वाद घालू शकला नसता. कासव गेलं असतं तरी ते धर्मासाठी गेलं असं मनाला सांगता आलं असतं. पण डॉक्टर म्हणाली, ‘‘छे, जिवंत कशाला? जिवंत काहीच लागत नाही. उलट नकोच, त्यातून रोग येतात. बाजारातला साधा मासा, मीठमसाला न घालता उकडायचा, नखाएवढे तुकडे करायचे. मधूनच उकडलेलं अंडं. रोजच्या त्या गोळ्या. बाकी पाला, शेवग्याचा उत्तम, जोडीला गाजर, भोपळा. चुन्यासाठी पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा, कुरतडेल तो. आणि ऊन उघडं हवं, काचेतून आलेलं उपयोगाचं नाही. दूध आणि चपाती बंद.’’ इतकं साधं होतं ते. त्यात कुणाला मारायचं नव्हतं, कुठला धर्म बुडवायचा नव्हता. फक्त डब्यावरचं वाचून डबा फेकायचा नव्हता.

‘‘वाचंल ना?’’ हे विमलने विचारलं.

‘‘खाल्लं तर वाचेल, मावशी. फार दिवस मिळालं नाही की कधीकधी खायची इच्छाच मरते. मग समोर ठेवलं तरी तोंड लावत नाहीत. बघू.’’

परतताना मासळीबाजाराशी निवृत्तीने स्कूटर थांबवली खरी, पण उतरवेना. तो नाशकात चाळीस वर्षं राहिला होता आणि या रस्त्याने येताना दर वेळी श्वास धरून पुढे जात होता. आताही त्याने नाकाला रुमाल लावला. विमलने डबा त्याच्या हातात दिला. ‘‘तुम्ही थांबा हितंच. मी आणते.’’ ती पदर खोचून आत गेली आणि तो बाहेरून बघत राहिला. त्याला वाटलं होतं ती बावरेल, पहिल्या बाईपुढे पैसे टाकून मिळेल ते पिशवीत घेईल. तसं झालं नाही. ती एका ओट्यापुढून दुसऱ्या ओट्यापुढे गेली. एका ठिकाणी तिने नुसती मान हलवली. पुढच्या ठिकाणी एक मासा उचलला, कल्ल्याखाली बोट घालून आतला रंग बघितला, मग अंगठ्याने पोट दाबून पाहिलं आणि परत ठेवला. मासळीवाली काहीतरी म्हणाली, विमल हसून काहीतरी म्हणाली, आणि मासळीवालीने मागच्या टोपलीतून दुसरे काढले. त्या गर्दीत, चिखलात, बर्फाच्या पाण्यात ती सराईतपणे उभी होती. निवृत्तीला आपली बायको ओळखू येत होती आणि येत नव्हती. हा अंगठा त्याने रोज पाहिला होता, भाकरीवर, ज्वारीच्या सुपावर, सोमनाथच्या तापलेल्या कपाळावर. हा माशाचं पोट दाबून पाहणारा अंगठा कुठे होता इतकी वर्षं?

तसं त्याला माहीत नव्हतं असं नाही. विमलचं माहेर नांदूर मधमेश्वरच्या धरणाच्या फुगवट्यावरचं, दारात पाणी. तिथली माणसं मासे खाणारच, यात सांगण्यासारखं काय होतं? पण लासलगावला कांदा पिकतो हे माहीत असावं तसं ते त्याला माहीत होतं, त्यात विमल नव्हती. लग्न ठरवायला तो वडिलांबरोबर तिच्या गावी गेला तेव्हा सगळं घर सारवलेलं होतं, भांडी राखेने लख्ख केलेली, पुरणाचा वास सुटलेला. अंगणातल्या बाभळीच्या फांद्यांवर ओल्या सुतळीचे तुकडे अडकलेले त्याने पाहिले होते. तिथलं जाळं पाहुणे यायच्या आधी घाईने काढलं असणार, हे आता, बाजाराबाहेर स्कूटरवर बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्यांनी त्याच्यासाठी घर लपवलं होतं आणि तो पुरणपोळी खाऊन, ढेकर देऊन, माणसं चांगली आहेत असं म्हणत परतला होता.

लग्नानंतर विमल घरात आली ती हात बांधूनच. माळकऱ्याच्या घरात नव्या सुनेच्या गळ्यात माळ पडल्याशिवाय तिने चुलीला हात लावायचा नाही, अशी रीत. ‘‘माळ घालून आण तिला,’’ आई म्हणाली होती, ‘‘मंग भाकरी थापू दे. तवर माझ्या हातची खा.’’ त्यात जुलूम कुणाला दिसला नाही, निवृत्तीला तर नाहीच. उलट घरच्यांनी किती प्रेमाने केलं सगळं. महाराजांनी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, तिने वाकून नमस्कार केला, सगळ्यांनी गजर केला. परतताना बैलगाडीत ती त्याच्या शेजारी बसली होती, माळेचे मणी बोटांनी चाचपत. मग अगदी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल असं तिने विचारलं, ‘‘कायमची का ही?’’ आणि निवृत्ती हसला. ‘‘मग काय, भाड्याने मिळते का माळ? चार दिवस घालायची आन्‌ परत करायची?’’ पुढे बसलेल्या आईने मागे वळून विचारलं, काय झालं रे हसायला, आणि त्याने सांगितलं. सगळी गाडी हसली. विमलही हसली. पुढे कितीतरी वर्षं, पाहुणे आले की, नवी सून कुणाची आली की, तो हा किस्सा सांगायचा आणि विमल चहा ठेवता ठेवता आतून हसायची. किस्सा फार रंगायचा. ती विचारत होती ते काय, हे आज त्याला कळलं. ती माळेबद्दल विचारतच नव्हती. ती आईच्या अंगणाबद्दल विचारत होती, ओल्या सुतळीबद्दल, उद्यापासून तोंडात कधीच येणार नाही अशा एका चवीबद्दल. तिने माळ नाकारली नसती. फक्त कुणी तरी, ‘हो गं, कायमची; जड जाईल तुला,’ एवढं म्हणायला हवं होतं. म्हणायला तोच एकटा शेजारी होता.

घरी आल्यावर विमलने गॅलरीच्या काचा सरकवून उघड्या केल्या, जुना रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावरून काढायला लावला, एक चेपलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं आणि म्हणाली, ‘‘हे आता ह्यालाच. घरात न्यायचं नाय. तुम्ही आत बसा, दार लावा.’’ तो आत बसला. देवापुढे उदबत्ती लावली. दार लावलं, पण गॅलरीच्या खिडकीचा पडदा पुरता लागत नव्हता, आणि खरं म्हणजे त्याने तो लावलाही नाही. विमल खाली बसली. कामाला हात घालायच्या आधी तिने गळ्यातली माळ फिरवून पाठीवर टाकली, पुढे लोंबून माशाला लागू नये म्हणून. हे तिने इतकं सहज केलं की निवृत्तीचे डोळे भरून आले. मग तिची बोटं चालू लागली. शेपटीकडून डोक्याकडे खवले, पोटात एक चीर, आतली घाण एका ओढीत बाहेर, कल्ले, पर, पाणी. कुठे थांबणं नाही, कुठे दोनदा नाही. चाळीस वर्षांत एकदाही न केलेलं काम ती काल संध्याकाळी अर्धवट ठेवून आज पुढे सुरू केल्यासारखी करत होती. स्टोव्हवर पाणी उकळलं आणि वास आला. निवृत्तीला वाटलं होतं आपल्याला मळमळेल. तसं झालं नाही. तो खिडकीशी आणखी सरकला.

सगळं आवरल्यावर तिने साबणाने हात धुतले, एकदा, परत एकदा, लिंबाची साल चोळली. मग उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली. वास गेला का बघत असेल, असं त्याला वाटलं. पण तिने बोटं खाली घेतली नाहीत. डोळे मिटून ती तशीच बसली, गॅलरीतल्या मोरीच्या उंबऱ्यावर, ओला हात तोंडाजवळ धरून. किती वेळ कोण जाणे. समोरच्या इमारतीत कुणी गालिचा झटकत होतं. निवृत्तीने पडद्यापासून नजर काढून घेतली. तिच्या मनातलं तिच्या परवानगीशिवाय पाहिल्यासारखं त्याला वाटलं, आणि लाज वाटली.

कासवाने खाल्लं नाही. विमलने काडीच्या टोकाला तुकडा लावून तोंडाशी धरला, पाण्यात सोडला, उन्हातल्या दगडावर ठेवला. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. निवृत्ती काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस घेऊन आला, गोळ्यांचा तसाच डबा, तेच बारीक अक्षरांचं लेबल, पुन्हा विकत आणला आणि या वेळी काही वाचलं नाही. शेवग्याचा पाला आणला. सकाळचं उघडं ऊन सरकेल तसा तो दगड सरकवत बसायचा. रोज विमल ताजं उकडायची, रोज ते तसंच फेकावं लागायचं. सायलीचा व्हिडिओ कॉल आला की निवृत्ती फोन टबावर धरायचा, आणि ती ‘बंटी, बंटी’ म्हणून ओरडली की तो फोन जरा हलवायचा, म्हणजे कासवच हललं असं वाटावं. ‘‘आजोबा, तो बारीक का दिसतो? काय खातो तो?’’ निवृत्तीला वाटलं सांगावं, पोरी, मी त्याला माझ्यासारखं केलं. पण त्याच्या तोंडून एवढंच निघालं, ‘‘मासे देतोय बाळा. आजी उकडून देते.’’ पलीकडून, सायलीच्या मागून, सोमनाथचा आवाज आला, ‘‘कोण? आई?’’ त्या दोन शब्दांत इतकं आश्चर्य होतं की निवृत्तीने फोन विमलकडे दिला नाही. सोमनाथलाही माहीत नव्हतं. तिने मुलालाही कधी सांगितलं नव्हतं.

धोंडीराम एका दुपारी भजनाचं सांगायला आला आणि दारातच थबकला. ‘‘वास कसला येतोय हो? शेजारी कोण नवीन आलं?’’ निवृत्ती म्हणाला, ‘‘आमच्याकडचाच आहे.’’ धोंडीराम हसण्याच्या तयारीत होता, चेहरा बघून हसला नाही. ‘‘मग तुमचं माळकरी कासव...’’ ‘‘ते कधीच नव्हतं,’’ निवृत्ती म्हणाला, ‘‘आपणच म्हणत होतो.’’ आतून चहाच्या कपांचा आवाज येत होता तो थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

खाल्लं ते एका सकाळी, कुणी बघत नसताना. निवृत्ती अंघोळीला गेला होता. ‘‘अहो!’’ विमलची हाक आली, ‘‘अहो, खाल्लं! खाल्लं बघा त्यानं!’’ तो टॉवेल गुंडाळून धावला. कासवाच्या जबड्याला माशाचा पांढरा तंतू चिकटला होता आणि ते पुढच्या पायाने तो आत ढकलत होतं, हळू, जुनं काही आठवत असल्यासारखं. विमलने तोंडावर पदर धरला होता. ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते, आणि तिने ते पुसायची तसदी घेतली नाही. पुढच्या फेरीला डॉक्टरने पाठ दाबून पाहिली आणि ती खूश झाली. धरतंय म्हणाली, घट्ट होतंय, असंच चालू ठेवा. निवृत्तीने कडेची वाकलेली जागा दाखवली, जिथे पाठ खळग्यासारखी आत बसली होती. ‘‘ही सरळ होईल ना?’’ डॉक्टर म्हणाली, ‘‘नाही काका. पाठ कडक होईल, पण जी वाकली ती वाकडीच कडक होणार. आता ती तशीच राहील. त्याला त्रास नाही तिचा, जगेल तो चांगला.’’ विमलला मागे बसवून स्कूटर चालवताना निवृत्तीच्या मनात एक प्रश्न तयार होत होता, आणि तो फार जुना असल्यामुळे त्याला शब्द सापडत नव्हते.

संध्याकाळी ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे दुखत असल्यामुळे तो हल्ली खाली बसत नसे, म्हणून तिने वर पाहिलं. ‘‘विमल,’’ तो म्हणाला, ‘‘तुला खावंसं वाटतं का?’’

‘‘काय?’’

‘‘मासे.’’

तिने मेथीची एक काडी मोडली, पानं खुडून टोपलीत टाकली, देठ बाजूला ठेवलं. त्याला वाटलं ती हसेल, किंवा गळ्यातल्या माळेला हात लावून ‘काहीतरीच काय’ म्हणेल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. ‘‘माझी आई वाम करायची,’’ ती म्हणाली. ‘‘चिंच घालून. आख्ख्या गल्लीला कळायचं. पहिली पहिली वर्सं लय आठवायचं. सोमनाथच्या वेळेला तर रात्री उठून बसायचे मी, तोंडाला पाणी सुटून. तुम्हाला वाटायचं कळा येत्यात.’’ ती जराशी हसली. ‘‘मंग हळूहळू गेलं. आता करताना वास येतो तेवढाच. चव आठवायला बघते, तर येतच नाय.’’

‘‘आता खा ना. मी... माझं काही म्हणणं नाही. मी आणून देतो.’’

ती त्याच्याकडे बघत राहिली, रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर तो मान खाली घालू शकला असता. ‘‘त्या बैलगाडीत हे इचारलं असतं ना तुम्ही,’’ ती म्हणाली, ‘‘तर मी हो म्हणले असते. माळ घातलीच असती, घरच्या बाईला घालावीच लागती. पण हो म्हणले असते.’’ आणि तिने पुढची काडी हातात घेतली. या वेळी तिने वाक्य पुरतं म्हटलं होतं. निवृत्ती तिथेच बसून तिच्याबरोबर मेथी निवडू लागला, आणि देठं कुठे मोडायची ते त्याला नीट जमत नव्हतं, तरी ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उकडलेल्या तुकड्यांची बशी त्याच्यापुढे धरली. ‘‘धरा. आज तुम्ही द्या.’’ त्याने काडीसाठी इकडे तिकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘बोटानं द्या. वळखंल तुम्हाला.’’ निवृत्तीने माळ पाठीवर टाकली, तिने टाकली होती तशी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मासा चिमटीत उचलला. तो मऊ होता आणि कोमट. ‘बंटीशेठ, या,’ म्हणत त्याने चिमूट पाण्याशी नेली. कासव दगडावरून पाण्यात उतरलं, वाकडी कड घेऊन वर आलं आणि त्याने तुकडा ओढून घेतला. ओढ चांगली जोराची होती. विमल म्हणाली, ‘‘बरं झालं,’’ आणि हात धुवायचा साबण ठेवून आत गेली.

तो साबण घ्यायला वाकला आणि थांबला. ती आत आहे याची खात्री करून घेतली, आणि मग बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले, तिने धरली होती तशी तोंडाजवळ धरून बसला. धरणाचं पाणी, बाभळीवरची ओली सुतळी, चिंचेच्या आमटीचा गल्लीभर दरवळ. यातलं काहीतरी, थोडं तरी येईल असं त्याला वाटत होतं. त्याने पुन्हा दीर्घ श्वास घेतला. त्याला नुसता माशाचा वास आला.